जुनी हेलिकॉप्टरं आणि आमच्या घरचा फोन

कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला असताना मला दिवेआगरला एक काम मिळालं. वायुदलातून निवृत्त झालेले एक मोठे अधिकारी तिथे आपल्या वाडीत राहायला आले होते. त्यांची नजर अधू झाली होती आणि नोकरीतल्या शेवटच्या वर्षांबद्दल त्यांना लिहून ठेवायचं होतं. ते सांगणार, मी लिहून घेणार आणि दुसऱ्या दिवशी वाचून दाखवणार, एवढंच काम. आमच्या राज्यशास्त्राच्या मॅडमनी माझं नाव सुचवलं, कारण माझं अक्षर बरं आहे. आणखी काही कारण असेल असं मला वाटत नाही.

मॅडमनी एकच गोष्ट बजावली होती, की त्यांच्याकडे कशासाठीही शब्द टाकायचा नाही. कुणी भरतीसाठी, कुणी मुलाच्या बदलीसाठी त्यांच्या दारात येऊन बसतं आणि त्याचा त्यांना वैताग येतो. म्हणून पहिल्या दिवशी त्यांनी, म्हणजे सरांनी, घरी कोण कोण असतं असं विचारलं, तेव्हा मी आई, बाबा आणि मी एवढंच सांगितलं. माझा मोठा भाऊ वायुदलातच आहे, हेलिकॉप्टरच्या देखभालीवर तंत्रज्ञ आहे, हे माझ्या तोंडातून बाहेर आलं नाही. तसा दादा घरी नसतोच, अशी मी मनातल्या मनात समजूत घातली.

त्याच सुमारास दादाचा फोन आला होता. त्याला विचारणा झाली होती. आतापर्यंत तो जमिनीवरून हेलिकॉप्टर दुरुस्त करायचा. आता हवं तर त्याला फ्लाइट इंजिनिअर होता येणार होतं, म्हणजे उडताना वैमानिकांच्या मागे बसून यंत्रावर लक्ष ठेवणारा माणूस. प्रशिक्षण असतं, मान असतो. महिनाअखेरपर्यंत कळवायचं होतं. "विचार करतोय," एवढंच तो म्हणाला आणि भात किती लावला ते विचारू लागला.

तो ज्या हेलिकॉप्टरवर काम करतो ते जुनं आहे, हे आम्हांला माहीत होतं. एकदा सुट्टीवर आला असताना त्यानंच हसत सांगितलं होतं, "तुझ्यापेक्षा वयानं मोठं हाय ते. नमस्कार करत जा त्याला." तेव्हा मीही हसले होते. त्या फोननंतर मला ते वाक्य सारखं आठवायला लागलं. कॉलेजात तास चालू असताना, एसटीची वाट बघताना, कुठेही. दादा जमिनीवर आहे याचा आम्हांला किती आधार होता ते मला तेव्हा कळलं.

त्याला सरळ विचारता आलं असतं, असं वाचणाऱ्याला वाटेल. पण आमच्या घरी फोनवर वाईट बोलायचं नाही, वाईट विचारायचंही नाही, असा नियम आहे. दादा भरती झाला तेव्हापासून तो चालत आलाय. आईचं म्हणणं, तो मशीनमध्ये हात घालतो, डोकं घराकडे राहिलं तर हात चुकेल. त्याचा फोन यायचा असला की आई तोंड धुऊन, पदर नीट करून बसते आणि कोण काय बोलणार ते आधी ठरवून देते.

गेल्या वर्षी बाबा पोफळीवरून पडले. लोकांच्या वाड्यांतली सुपारी उतरवायला झाडावर चढणं हेच त्यांचं काम होतं. वादळात कितीतरी पोफळी आडव्या झाल्या, आणि ज्या उभ्या राहिल्या त्यांतल्या काही आतून पोकळ झाल्या होत्या. खालून नुसतं बघून ते कळत नाही. बाबांची टाच मोडली. दादाला आम्ही पाय मुरगळलाय असं सांगितलं. व्हिडिओ कॉलच्या वेळी बाबांना खुर्चीत बसवायचं, आणि आई मोबाइल असा धरायची की प्लास्टर दिसू नये. दादानं एकदा विचारलं, "बाबा इतके जवळ का दिसतायत?"

"तू लांब गेलास म्हणून," आई म्हणाली.

आम्ही सगळे हसलो. फोन ठेवल्यावर बाबा म्हणाले की याच्यापेक्षा झाडावर चढणं सोपं होतं. त्यानंतर ते चढले नाहीत. आता ते एका होमस्टेच्या फाटकावर बसतात. पण दादानं यंदा सुपारी कशी आहे असं विचारलं की ते अजून अशी माहिती देतात, जणू सकाळीच उतरवून आलेत.

तर अशा घरातून मी रोज दुपारी बोर्लीहून रिक्षानं दिवेआगरला जायचे.

सर एका जागी बसून सांगत नसत. खळ्यात सुपारी वाळत घातलेली असायची, तिच्या कडेनं ते फेऱ्या मारायचे आणि पायानं ती उलटीपालटी करायचे. त्या खडखडाटात त्यांचं निम्मं बोलणं मला ऐकू यायचं नाही. पहिले काही दिवस मी घाबरून जे ऐकू आलं तेवढंच लिहिलं. मग काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, आतून सांगितलं, "अहो, पोरगी विचारायला घाबरते. पाय जरा थांबवा." तेव्हापासून ते बोलताना उभे राहायचे आणि वाक्य संपलं की चालायचे.

त्यांची बरीच वर्षं उत्तरेत गेली होती. मराठीत मध्येच हिंदी यायचं, मग इंग्रजी, आणि मग ते स्वतःवरच चिडायचे. कोणती विमानं घ्यायची, कोणती मोडीत काढायची, कशाला पैसे द्यायचे आणि कशाचे काढून घ्यायचे, हे ठरवणाऱ्या टेबलाच्या मधल्या खुर्चीवर ते शेवटची काही वर्षं होते. मला वाटलं होतं ते लढायांचं सांगतील. ते सांगत होते सुट्या भागांबद्दल.

त्यांनी सांगितलेलं मला समजलं ते असं. नवी विमानं आणि हेलिकॉप्टरं यायची होती, ती लांबली. जुनी काढून टाकायची होती, ती काढता येईनात, कारण मग उडवायचं काय. नव्यांसाठी पैसे साठवायचे तर जुन्यांच्या दुरुस्तीतून काढावे लागत. जुन्यांना द्यावेत तर नवी आणखी लांबत. "एक पांघरूण आणि झोपणारे चार," असं ते म्हणायचे, "आणि प्रत्येक वर्षी कुणाचे पाय उघडे ठेवायचे ते मी ठरवायचो." एका वर्षी त्यांनी जुन्या हेलिकॉप्टरांच्या सुट्या भागांचे पैसे कमी केले आणि त्याच वर्षी त्या हेलिकॉप्टरांचं आयुष्य वाढवण्याच्या कागदावर सही केली.

मी लिहीत राहिले. ते हेलिकॉप्टर दादाचंच होतं. त्यांनी नाव घेतलं होतं.

सरांसमोर मी दादाचं नाव काढलं नाही. घरी जाऊन आईलाही सांगितलं नाही. पण आईनं माझा चेहरा बघितला असावा. दुसऱ्या दिवशी निघताना तिनं माझ्या पिशवीत कडवे वाल बांधून दिले आणि म्हणाली, "साहेबांना दे. आणि इचार, ते हेलिकॉप्टर चांगलं हाय का."

मी म्हटलं, मॅडमनी काही मागायचं नाही असं सांगितलंय.

"मी कुठं मागते? इचारते फक्त. मागायचं आसतं तर कोंबडा दिला आसता."

वाल मी काकूंना दिले. विचारलं मात्र काहीच नाही. त्या दिवशी सरांनी जे सांगितलं त्यानंतर विचारणं आणखीच कठीण झालं.

पैसे कमी केल्यावर काही महिन्यांनी ते एका तळावर पाहणीला गेले होते. तिथे सगळं झकास होतं. फळ्यावर सगळी यंत्रं, म्हणजे हेलिकॉप्टरं, उडायला तयार दाखवलेली, अधिकारी हसतमुख, जेवण उत्तम. कुणाचीही तक्रार नाही. परतीच्या वाटेवर, गाडीत बसल्या बसल्या, त्यांच्या लक्षात आलं की अख्ख्या दिवसात त्यांना एकही वाईट बातमी कळली नव्हती. भागांचे पैसे त्यांनीच काढून घेतले होते. हालत बिघडायला हवी होती. ती कागदावर सुधारली होती.

एवढं सांगून ते थांबले. मला वाटलं वाक्य संपलं, पण ते चालायला लागले नाहीत.

"लिही," ते म्हणाले. "त्या दिवशी मी घाबरलो. इतक्या वर्षांत विमानात बसून घाबरलो नव्हतो, तेवढा त्या गाडीत घाबरलो. कारण पोरं माझ्याशी खोटं बोलत नव्हती. ती मला सांभाळून घेत होती."

मी लिहिलं. माझ्या डोळ्यांसमोर तो तळ आला नाही. बाबांच्या चेहऱ्याजवळ मोबाइल धरलेला आईचा हात आला.

पुढे त्यांनी काय केलं तेही त्यांनी सांगितलं. प्रत्येक बैठक काय बिघडलंय यापासून सुरू करायची. ज्याच्याकडे बिघडलेलं काहीच नाही त्यानं ते कसं काय हे समजावून सांगायचं. आणि बिघाड सांगणाऱ्याची बदली करायची नाही. सुरुवातीला कुणी बोलेना. मग हळूहळू बोलायला लागले, तशी फळ्यावरची तयार यंत्रं कमी व्हायला लागली. दिल्लीतल्या एका समितीनं त्यांना बोलावून विचारलं, तुम्ही आल्यापासून यंत्रं जास्त बिघडायला लागली, हे कसं? त्यांनी सांगितलं की बिघडलेली आधीपासूनच होती, आता दिसायला लागली. ते उत्तर कुणाला आवडलं नाही. मुख्यालयाच्या नव्या इमारतीचे पैसे त्यांनी भागांकडे वळवले, तेही कुणाला आवडलं नाही. काही हेलिकॉप्टरं कायमची उभी करून त्यांचे भाग बाकीच्यांना लावले. उडणारी कमी झाली. "पण जी उडत होती ती खरंच उडत होती," असं ते म्हणाले, आणि मग, जरा वेळानं, "निदान मला तसं वाटायचं."

ते शेवटचं वाक्य लिहू का, असं मी विचारलं.

"तेच तर लिही," ते म्हणाले.

महिना संपत आला होता. आई रोज फक्त बघायची. मी नकारार्थी मान हलवली की ती चुलीकडे वळायची.  बाबा एकदा मला म्हणाले की झाड पोकळ आहे की नाही ते बुंध्यावर कोयत्याची मूठ मारून आवाजावरून कळतं, आणि पडलो त्या दिवशी आपण मूठ मारलीच नव्हती, कारण मालक उभा होता आणि उशीर झाला होता. त्यांनी हे आधी कधी सांगितलं नव्हतं. का सांगितलं तेही मी विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवशी रिक्षात बसल्यावर मी ठरवलं की आज बोलायचं, मग काम गेलं तरी चालेल.

आदल्या दिवशीचं वाचून दाखवून झालं आणि सर पुढचं सांगायला उभे राहिले, तेव्हा मी म्हटलं, "सर, माझा दादा त्या हेलिकॉप्टरवर आहे."

ते माझ्या दिशेनं वळले. त्यांना मी नीट दिसत नाही, तरी वळले. मी घाईघाईनं सगळं सांगून टाकलं. दादाला झालेली विचारणा, महिनाअखेर, आई, आणि मी कशासाठीही शब्द टाकत नाहीये हेही.  काकू आतून येऊन दारात उभ्या राहिल्या.

सर खुर्चीवर बसले. मी त्यांना पहिल्यांदाच बसलेलं बघत होते. त्यांनी दादाचं काम विचारलं, किती वर्षं झाली ते विचारलं. तळ कुठला ते मुद्दाम विचारलं नाही, असं मला वाटलं.

"ते माझ्या सहीनं उडतंय," ते म्हणाले.

"चांगलं आहे का सर ते?"

 चांगलं आहे असं ते म्हणतील आणि मी ते आईला जाऊन सांगेन, एवढीच माझी इच्छा होती. खरं असो नसो, मला तेवढं चाललं असतं.

"मी होतो तेव्हाचं मी सांगू शकतो," ते म्हणाले. "आजचं मला माहीत नाही, बाळ. आणि माहीत आहे असं म्हटलं, तर मीच त्या तळासारखा वागलो. तुझ्या दादाला माहीत असेल. त्याला विचारलंस?"

मी नाही म्हटलं. आमच्या घरचा नियम सांगितला. बाबांच्या टाचेचंही सांगितलं, ते कसं बाहेर आलं मला कळलं नाही. काकू तोंडाला पदर लावून हसल्या आणि मग त्यांचे डोळे भरले. सर हसले नाहीत. त्यांनी मला लवकर घरी जायला सांगितलं. मला वाटलं काम गेलं. फाटकापर्यंत पोचले तेव्हा त्यांनी मागून हाक मारून उद्या नेहमीच्या वेळेला ये असं सांगितलं.

संध्याकाळी दादाचा फोन यायचा होता. आई तोंड धुऊन बसली. मी तिला म्हटलं की आज मी आधी बोलणार. तिनं साहेब काय म्हणाले ते विचारलं. मी सांगितलं की ते माहीत नाही म्हणाले. आईचा चेहरा इतका उतरला की मला दादाशी बोलायचा धीर राहिला नाही, पण तेवढ्यात फोन वाजला.

त्यानं विचारलं, काय चाललंय. आमचं ठरलेलं उत्तर असतं. मी ते दिलं नाही. मी म्हटलं, "दादा, बाबा पोफळीवरून पडले होते. टाच मोडली होती. मुरगळली नव्हती. ते आता चढत नाहीत."

आईनं माझ्या हातावर फटका मारला.  

"कधी?" दादानं विचारलं. मी सांगितलं. मग तो इतका चिडला की मला त्यातलं सगळं आठवतही नाही. मी काय परका आहे का, व्हिडिओवर बाबांना खुर्चीत बसवून दाखवायला जमत होतं आणि हे सांगायला जमलं नाही, असं बरंच. आई रडायला लागली. बाबांनी फोन घेतला आणि ओरडू नको, पोरीवर ओरडू नको, असं दोनदा म्हणाले. मग म्हणाले, "आता तुझं सांग. खरं सांग. भ्या वाटतं का तुला?"

बाबांनी हा प्रश्न विचारला याचं मला आजही नवल वाटतं. मी तो मनात घोकून ठेवला होता, पण माझ्याच्यानं तो विचारला गेला असता की नाही, सांगता येत नाही.

दादा म्हणाला, "व्हय. वाटतं."

आणि मग त्यानं सांगितलं की त्यानं होकार केव्हाच कळवलाय. प्रशिक्षण चालू आहे. आम्हांला सांगायचं कसं ते त्याला सुचत नव्हतं. पुढच्या आठवड्यात तो पहिल्यांदा मागच्या जागेवर बसणार होता.

आईनं पदर तोंडात धरला. मी जमिनीवर बसले. मी इतके दिवस ज्या गोष्टीला घाबरत होते ती होऊन गेलेली होती.

बाबांनी विचारलं की मग होय कशाला म्हणालास. दादा म्हणाला की सगळं फोनवर सांगता येत नाही, पण एवढं सांगतो. मध्ये त्याला एका यंत्राची थरथर नेहमीपेक्षा वेगळी वाटली होती. मोजमापात काही सापडत नव्हतं. सगळ्यांना घाई होती, कारण तयार यंत्रं आधीच कमी होती. ते उडायला ठीक असल्याची सही करायला त्यानं नकार दिला. यंत्र दिवसभर उभं राहिलं. बाकीची पोरं त्याला म्हणाली, महाराज, आता आरती करा त्याची. संध्याकाळी एक बेअरिंग खराब निघालं.

"कुणी रागावलं तुला?" आईनं विचारलं.

"न्हाय. ज्यांना उडायचं होतं ते साहेब आले आणि म्हणाले, तू मागं बसायला येशील का?"

 आईनं जा म्हटलं नाही आणि जाऊ नको असंही म्हटलं नाही. तिनं त्याला जेवलास का विचारलं, आणि मग बाबांच्या टाचेला थंडीत कळ येते, तेल लावून काही होत नाही, डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलंय, असं सगळं सांगत बसली. इतका वेळ ती दादाशी कधी बोलली नव्हती.

सरांना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. बेअरिंगचं त्यांनी मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग चालायला लागले आणि त्या दिवशी काहीच लिहायला सांगितलं नाही. जाताना त्यांनी दादा कोणत्या दिवशी बसणार आहे ते विचारलं. मी सांगितलं.

तो दिवस कसा गेला ते मला नीट लिहिता येणार नाही. बाबा फाटकावर गेले, मी कॉलेजात गेले आणि पहिल्याच तासाला परत आले. आई वाल सोलत होती. सोललेले आणि न सोललेले ती पुन्हा पुन्हा एकाच ताटात टाकत होती. सरांच्या घरून काकूंचा फोन येऊन गेला, काही कळलं का म्हणून. मी नाही म्हटलं. त्यांनी सांगितलं की हे सकाळपासून जेवले नाहीत.

दुपारनंतर दादाचा मेसेज आला. मी तो मोठ्यानं वाचला. "उतरलो. बसताना पाय लटपटत होते. पॅनेलवरचा एक दिवा लागत नव्हता, लिहून दिलंय, उद्या बदलतील."

आईनं तो मला पुन्हा वाचायला लावला. मग हातातला वाल खाली ठेवून विचारलं, "कसला दिवा?"

मी म्हटलं, माहीत नाही.

"मग इचार त्याला," ती म्हणाली.